डफडं गळ्यात असेपर्यंत

दुसऱ्याचं म्हणणं नीट वाचावं आणि जसंच्या तसं सांगावं, हे मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. माझ्या बायकोचं म्हणणं असं, की मला स्वतःला ते घरात एक दिवस जमलं नाही. तिचं म्हणणं मी इथे एक अक्षर न बदलता सांगून राहिलो, तेव्हा निदान धंदा मला येत होता एवढं तरी कबूल करा.

मी इंग्रजीचा मास्तर. आधी पांढुर्ण्याला, मग सौंसरला. स्वातंत्र्य आलं तेव्हा मी नोकरीत नवा होतो आणि आमची राजधानी नागपूर होती. पुढे राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा मी होतो त्याच वर्गात होतो, राजधानी तेवढी भोपाळला निघून गेली. बढत्या आणि बदल्या यांच्यात लिहिण्यासारखं काही नाही, ते माझ्या पेन्शनच्या कागदात आहे. सांगण्यासारखी आहेत ती माणसं, आणि त्यातही एक माणूस. पण त्याच्याआधी हा धंदा काय होता ते ऐकून घ्या. नाहीतर त्या माणसानं काय केलं हे कळायचंच नाही.

इंग्रज गेला त्या वर्षी पांढुर्ण्याचे कापसाचे एक अडते शाळेत आले. वर्गाच्या दारातूनच म्हणाले, "काहो मास्तर, इंग्रज गेला ना? मंग त्याची भाषा कायले ठेवली?" मी तापट माणूस. म्हटलं, "शेटजी, तुमच्या जिनातलं इंजिन पण त्याचंच आहे. आधी ते द्या बोटीत टाकून, मग मी भाषा पाठवतो." शेटजी ताडताड निघून गेले. पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा शिकवणीला येऊन बसला.

मॅट्रिकला बाकीच्या विषयांत आमची पोरं तरून जात आणि इंग्रजीत बुडत. बुडायच्या जागा दोन. एक शब्द, आणि दुसरी 'अनसीन पॅसेज', म्हणजे आधी कधी न पाहिलेला उतारा. तो वाचायचा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच काढायची. पाठांतर चालत नाही, गाइड चालत नाही. समोरच्या कागदावर एक अनोळखी माणूस काहीतरी बोलून राहिला, तो काय बोलून राहिला एवढंच सांगायचं. ऐकायला सोपं वाटतं. वाटतं बरं का, असतं असं नाही!

आधी शब्दांचं सांगतो. पुस्तकात बर्फ, कोल्ह्याची शिकार, शेगडीभोवती बसलेली म्हातारी. आमच्याकडे मे महिन्यात विहिरीवरचा दोर हातात धरवत नाही, बर्फ कुठून आणू? पोरं शब्द घोकत आणि चार दिवसांत विसरत. यातून मला बाहेर काढलं ते सौंसरच्या तहसिलीतल्या एका कारकुनाच्या मुलीनं, प्रमिलानं. ती एक शब्द विसरायची नाही. मी म्हटलं, "बाई, तू करतेस तरी काय?" तर मान खाली घालून म्हणाली, "सर, मी एकेक शब्द एकेका नातेवाइकाले देऊन टाकते." ऑब्स्टिनेट, हट्टी, म्हणजे मोठी आत्या. एक्स्ट्रॅव्हगंट, उधळे, म्हणजे नरखेडचे मामा. रिलक्टंट, नाखूष, म्हणजे बाबा, आईनं बाजारात जायला सांगितलं की होतात ते. मी खुर्चीतून उठलोच. वर्गात सगळ्यांना सांगितलं, आजपासून हीच पद्धत. गावात चार दिवस मजा झाली. पोरं आजोबांकडे बघून इंग्रजीत काहीतरी पुटपुटत आणि हसत. एका आजोबांनी मला रस्त्यात गाठून विचारलं, "मास्तर, 'ग्रम्पी' म्हंजे चांगलं ना?" चिडका म्हणतात असं कसं सांगू? म्हटलं, "फार मानाचा शब्द आहे." पण त्या वर्षी शब्दांचे प्रश्न पोरांनी फाडफाड सोडवले. प्रमिलेची बुद्धी मला आजही थोर वाटते. शिकवण्याच्या कोणत्याही पुस्तकात ही युक्ती मला सापडली नाही.

उताऱ्यांचं मात्र अवघड होतं. सरावाला नवे उतारे आणायचे कुठून? शाळेच्या कपाटात होती ती पुस्तकं पोरांनी आधीच चाटून-पुसून घेतलेली. मग मला सापडली रद्दी. संत्र्याच्या पेट्यांत गवताबरोबर घालायला नागपूरहून रद्दीचे गठ्ठे यायचे आणि त्यात इंग्रजी वर्तमानपत्रं भरपूर. हंगामात मी बगीचेवाल्यांकडे जाऊन गठ्ठे उचकायचो. लोक म्हणत, मास्तरला संत्री देऊन राहिलो तर नाही म्हणते, कागद मागते. अर्धवट फाटलेल्या मजकुराला वर सुरुवात नाही, खाली शेवट नाही. त्यावर मी प्रश्न काढायचो. उतारा फाटका असला की पोरांना एक शिस्त लागते, कागदावर आहे तेवढ्यातच भागवायचं.

आणि इथेच आमच्या भागातली खास चूक यायची. ती शहरातल्या पोरांना जमणार नाही. आमची पोरं शेतकऱ्यांची. उतारा कापसावर आला, गुरांवर आला, पावसावर आला, की त्यांच्या अंगात यायचं. लिहिणारा काय म्हणतो ते राहिलं बाजूला, पोरगं आपल्या वावरातलं लिहून मोकळं! उतारा सांगतो शेतकऱ्यानं उशिरा पेरलं कारण तो आजारी होता. पोरगं लिहितं, उशिरा पेरलं कारण बैल बसला. मी ओरडायचो, "अरे बैल आला कुठून?" तर म्हणायचं, "सर, आजारी असला तरी पेरतेच ना मानूस. बैलच बसला असंन." काय बोलणार? खरं होतं त्याचं. आणि मार्क शून्य. इतकं जाणणारी पोरं इतकं जाणण्यापायी नापास होताना मी पाहिली, त्याची हळहळ अजून जात नाही.

या चुकीचे सम्राट होते सदाशिव गुरुजी.

रामाकोना स्टेशनच्या अंगाला एक लहान गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेचे ते मास्तर. चाळिशीला आलेले, धोतर, सदरा, खांद्यावर उपरणं, आणि घरचा संत्र्याचा बगीचा. शिक्षण मराठी सातवी पास. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं माझ्याकडे सौंसरला आली की मला लगेच ओळखू यायची. अक्षर स्वच्छ, हिशेब पक्का, आणि प्रश्न विचारायची खोड. एका रविवारी हे गुरुजी छोट्या गाडीनं, म्हणजे आमच्याकडच्या अरुंद रुळांच्या आगगाडीनं, सौंसरला आले आणि माझ्या ओट्यावर येऊन उभे राहिले.

"सर, मले मॅट्रिक करून द्या."

मी म्हटलं, "गुरुजी, बसा तरी."

"बसतो. पन आधी हाव म्हना."

मॅट्रिकचे बाकीचे विषय त्यांनी घरी बसून काढले होते. इंग्रजीत दोनदा आपटले होते. आता तिसरी खेप आणि ती का, तेही त्यांनी सांगितलं. गावातली शाळा चौथीपर्यंत. पुढे शिकायचं तर गाडीनं सौंसरला यायचं. मुलं येत, मुलींचं शिक्षण चौथीतच संपायचं. मिडलचे, म्हणजे पाचवीपासून पुढचे, वर्ग गावात उघडावेत म्हणून अर्ज चालले होते. तपासणीला आलेल्या साहेबानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, गावातला मॅट्रिक मास्तर असेल तर वर्ग तुमच्याच हाती देता येतील. नसेल तर वर्ग केव्हा उघडतील सांगता येत नाही, आणि उघडले तरी जो मास्तर येईल तो येईल. राज्यं बदलून राहिली आहेत, त्याला मराठी येईलच असं नाही.

"म्हंजे पाहा सर," गुरुजी म्हणाले, "गावात मराठी शिकवाले मले इंग्रजी पास होनं आलं. हसून राहिले का तुमी?"

मी हसत नव्हतो. मी त्यांना आत नेऊन बसवलं आणि पुढल्या रविवारपासून आमचं सुरू झालं.

शब्द त्यांनी झपाट्यानं उचलले. प्रमिलेची पद्धत सांगितली तर इतके खूश झाले की सगळं गाव वाटून टाकलं. बडेजावी पाटील 'पॉम्पस', लबाड वाणी 'कनिंग', गावातला चौकस न्हावी 'इन्क्विझिटिव्ह'. 'फेथफुल' दिला गावात दवंडी देणाऱ्या लखूजी कोतवालाला. मी विचारलं, "आणि ऑब्स्टिनेट?" तर म्हणाले, "तो शब्द घरी नेला होता. बायकोनं सांगतलं, दुसरा मानूस पाहू नोका, तुमीच हा."

ते खरं असल्याचं मला उताऱ्यांच्या वेळी कळलं. पहिलाच उतारा मी त्यांच्याच बगीच्यातल्या रद्दीतला दिला. कोणीतरी साहेबानं बागकामावर लिहिलं होतं, की चांगला माळी आपल्या फळझाडांना कधीही तहानलेलं ठेवत नाही, तो बारा महिने रोज पाणी देतो. खाली माझा प्रश्न, चांगला माळी काय करतो? गुरुजींनी उत्तर लिहिलं, की चांगला माळी थंडीत पाणी तोडतो, पानं मलूल होऊ देतो, आणि मग पाणी देतो म्हणजे बहार फुटतो.

"गुरुजी, हे उताऱ्यात कुठे आहे?"

"उताऱ्यात नाई. पन खरं हाय."

"मला खरं नको, उताऱ्यातलं पाहिजे."

"सर, बगीचा तानावर सोडला नाई तं झाडाले फूल येत नाई! याचं ऐकून कोनी रोज पानी देल्लं तं त्याचं काय होईन? मी मास्तर हाय, चुकीचं कसं लिहू?"

मी खडू आपटला. ते शांतपणे उपरण्यानं चष्मा पुसत राहिले. असे किती रविवार गेले असतील! त्यांचं इंग्रजी सुधारत होतं, वाक्यं सरळ येत होती, स्पेलिंग चोख होती. आणि उत्तरं सगळी चुकीची, कारण सगळी बरोबर होती. बैलांवर उतारा दिला तर त्यांनी लेखकाला बैल पारखायला शिकवलं. शाळेवर दिला तर छडी कशी वाईट यावर अर्धं पान लिहिलं, आणि लेखक बिचारा छडीच्या बाजूचा! एकदा मी चिडून म्हणालो, "गुरुजी, तुम्ही परीक्षा देऊन राहिले का परीक्षा घेऊन राहिले?" तर मनापासून विचार करून म्हणाले, "सवय हाय ना सर, पंधरा-वीस वर्षांची." असं दिसायला लागलं की हा माणूस तिसऱ्यांदाही जाणार आणि गावचे वर्ग त्याच्याबरोबर जाणार. मी घरी बायकोजवळ तसं बोललोही. आता माझ्याच्यानं होत नाही म्हणालो.

मग दिवाळी आली. गुरुजींनी फराळाला बोलावलं म्हणून त्यांच्या गावी गेलो. दुपारचं त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. वहिनींनी शेव आणि अनारसे पुढ्यात ठेवले होते. समोर चौकात संत्र्याच्या पेट्या भरून ठेवलेल्या. मी एक फाटका कागद काढलाच होता तेवढ्यात डफड्याचा आवाज आला. लखूजी कोतवाल दवंडी देत येत होता.

लखूजी उंच, वाळका, डोक्याला लाल फडकं. त्याचं डफडं चौकात थांबलं, लोक घराघरातून बाहेर आले. त्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! आतापासून आपला छिंदवाडा जिल्हा नव्या मध्यप्रदेशात राहीन हो! राजधानी भोपाळ राहीन! नागपूर मुंबई राज्यात गेलं हो! कोनी गडबड करू नये, आपापलं काम करावं होऽ!" आणि डफड्यावर थाप.

चौकात एकदम कलकलाट झाला. कोणाची सासुरवाडी काटोलला, कोणाची पोरगी नरखेडला, कापसाचा बाजार तिकडचा, डॉक्टर तिकडचा. आता भोपाळ म्हणजे कुठली दिशा तेही अनेकांना ठाऊक नव्हतं. पाटील पुढे झाले. "लखू, हे आपल्यासाठी बरं झालं का वाईट झालं रे?"

"हुकुमात नाई, पाटील."

"अबे पन तुले काय वाटते?"

"डफडं गळ्यात हाय, पाटील," लखूजी म्हणाला. "आता मले काई वाटत नाई."

तो पुढच्या गल्लीत गेला, तिथे तेच शब्द, तोच आवाज. सगळं गाव फिरून झाल्यावर गुरुजींच्या ओट्याशी आला. गळ्यातला पट्टा काढला, डफडं भिंतीशी टेकवलं, वहिनींनी दिलेलं पाणी प्याला आणि खाली बसला. बसल्याबरोबर त्याचा चेहरा पार उतरला.

"आता इचारा गुरुजी," तो म्हणाला. "मायी लेक सावनेरले देल्ली हाय. आतापावतो एका राज्यात होतो बापलेक. आता ते परराज्यात गेली. मायाच तोंडानं सांगतलं म्या गावाले. लई वाईट वाटून राहिलं, बाप्पा."

मी त्याला अनारसा दिला. गुरुजींनी मात्र लखूजीकडे पाहिलं, भिंतीशी टेकवलेल्या डफड्याकडे पाहिलं, परत लखूजीकडे पाहिलं. मला वाटलं यांनाही नागपूर गेल्याचं दुःख झालं. होतंच ते, कोणाला नव्हतं? पण थोड्या वेळानं त्यांनी माझ्या हातातला फाटका कागद ओढून घेतला. खांद्यावरचं उपरणं काढून दोन्ही टोकं पुढे येतील असं गळ्यात अडकवलं आणि कागद वाचायला लागले.

उतारा कशावर होता? तर चहा हे शेतकऱ्याचं उत्तम पेय आहे यावर. गुरुजींच्या घरात चहाला बंदी होती. मी प्रश्न विचारत गेलो. गुरुजी एकेक उत्तर सांगत गेले, लेखकाच्या मताप्रमाणे चहानं थकवा जातो, लेखकाच्या मताप्रमाणे चहानं अंगात उत्साह येतो. एक शब्द इकडचा तिकडे नाही, घरचा एक शब्द आत नाही. शेवटचं उत्तर झालं, त्यांनी उपरणं गळ्यातून काढलं आणि म्हणाले, "साफ खोटं हाय! चहानं पोटाची वाट लागते!"

लखूजीला काही कळलं नाही. तो आमच्या दोघांकडे पाहत राहिला. मी मात्र गुरुजींचा हात धरला आणि तो सोडवेना. इतके रविवार मी जे घसा फोडून सांगत होतो, ते लखूजीनं डफडं खाली ठेवून एका झटक्यात दाखवलं होतं. आणि ते गुरुजींनाच दिसलं, मला नाही, हेही सांगायला पाहिजे. मी तर अनारसा खात होतो.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. उतारा समोर आला की उपरणं गळ्यात, उत्तरं संपली की उपरणं खाली, आणि मग लेखकाचा मनसोक्त उद्धार. हा उद्धार ऐकायला मला इतकं आवडायचं की मी मुद्दाम चुकीच्या मताचे उतारे शोधून ठेवायचो. माझ्या वर्गातही ही पद्धत मी आणली. पोरांकडे उपरणी नव्हती, त्यांनी रुमाल बांधले. बैल बसायचा बंद झाला.

परीक्षा आली. केंद्र सौंसरलाच होतं, पण इंग्रजीच्या दिवशी इंग्रजीच्या मास्तराला शाळेच्या आत पाय ठेवायची मनाई, म्हणून मी फाटकाबाहेरच्या कडुनिंबाखाली उभा होतो. गुरुजी आले. त्यांच्याबरोबर आत जाणाऱ्या पोरांत दोन-तीन त्यांचीच, त्यांनी पाटीवर अक्षर गिरवून घेतलेली. त्या पोरांनी वाकून नमस्कार केला. गुरुजी म्हणाले, "आज कायचा नमस्कार रे, आज तुमी-आमी एका बाकावरचे." हसले आणि आत गेले. मी त्या दिवसाइतका कोणाच्याही परीक्षेच्या दिवशी घाबरलो नाही, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

आत जे झालं ते मला नंतर कळलं. गुरुजींनी आधी बाकीचे प्रश्न सोडवले. मग उताऱ्याचं पान उघडलं आणि खांद्यावरचं उपरणं काढून गळ्यात अडकवलं. देखरेखीला बाहेरगावचे एक साहेब होते. प्रौढ माणूस, पेपर चालू असताना अचानक उपरण्याशी खटपट करतो, म्हणजे त्यात काहीतरी असणार. ते आले, उपरणं मागितलं, उलटसुलट करून पाहिलं, उजेडात धरलं. त्यात संत्र्याच्या डागांशिवाय काही नव्हतं. तरी साहेब म्हणाले, "ये इधर टेबल पे रहेगा," आणि घेऊन गेले. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही, त्यांचं कामच ते.

आणि उतारा काय होता? शेतकऱ्यावर. त्यात लिहिलं होतं की शेतकऱ्याची बुद्धी मंद होते, कारण तो वर्षानुवर्षं तेच काम करतो. त्याला नवीन काही सुचत नाही, शहरात आल्याशिवाय माणसाचं डोकं चालत नाही. खाली प्रश्न, लेखकाच्या मते शेतकऱ्याची बुद्धी मंद का असते?

पेपर संपल्याची घंटा झाली. पोरं बाहेर आली. गुरुजी सगळ्यांत शेवटी आले, उपरणं परत घेऊन. चेहरा लालबुंद. निंबाखाली येऊन उभे राहिले. मी हळूच विचारलं, "उतारा कसा गेला?"

त्यांनी मला तो सगळा सांगितला, जसाच्या तसा, शांत आवाजात. प्रश्न सांगितले. आपली उत्तरं सांगितली. एकही शब्द घरचा नव्हता. मी म्हटलं, "पण उपरणं तर नेलं होतं ना त्यांनी?"

"नेलं ना. मनात आलं, याले लिहून देतो की तू ये माया बगीच्यात, मंग पाहू कोनाची बुद्धी मंद हाय! पेन ठेवलं होतं सर कागदावर." ते थांबले. "मंग डोयासमोर लखूजी आला. पोरगी परराज्यात गेली तरी त्यानं थाप चुकवली नाई. म्या डावा हात असा गळ्याशी धरला, अन उजव्यानं लिहिलं."

त्यांनी हात कसा धरला ते दाखवलं. मग हात खाली सोडला आणि त्या लेखकाचा जो उद्धार सुरू केला, तो मी इथे लिहू शकत नाही. अस्सल वऱ्हाडी होता, न थांबता होता, आणि त्यात शेतीची इतकी माहिती होती की शेती कॉलेजात लावावा. फाटकाशी उभे असलेले टांगेवाले जवळ येऊन ऐकायला लागले. मला हसता हसता रडू आलं. या माणसाला मी शिकवतो असं इतके महिने म्हणत होतो, त्याची मला लाज नाही वाटली, उलट फार अभिमान वाटला.

निकाल लागला. गुरुजी पास. त्यांनी कोणाला पेढे वाटले नाहीत, सगळ्या शाळेला संत्री वाटली असती पण हंगाम नव्हता, म्हणून गूळ-शेंगदाणे वाटले. हुकूम यायला वेळ लागला. नवं राज्य, नवे कागद, कोणता कागद कुठे जातो हे कागदालाच ठाऊक नसावं. पण आला. गुरुजींचा निरोप आला की अमुक दिवशी दवंडी आहे, तुम्ही पाहिजेच. मी गाडी पकडली.

तोच ओटा, तोच चौक. लखूजी आला, लाल फडकं, गळ्यात डफडं. थाप दिली. "ऐका हो ऐका! सरकारचा हुकूम हाय! आपल्या गावच्या शाळेत मिडलचे वर्ग उघडून राहिले हो! शिकवनं मराठीत होईन! हेडमास्तर सदाशिव गुरुजी राहतीन! सगळ्यांनी आपापल्या लेकरांची नावं घालावी होऽ!"

नेहमीसारखी शेवटची थाप पडली. लोक निघायला लागले. पण लखूजी पुढच्या गल्लीकडे वळला नाही. भर चौकात, सगळ्यांच्या देखत, त्यानं गळ्यातला पट्टा काढला आणि डफडं खाली मातीत ठेवलं. दवंडी पुरी व्हायच्या आधी डफडं उतरवताना त्याला गावात कोणी कधी पाहिलं नव्हतं. सगळे जागच्या जागी थांबले.

"अन आता हे मी सांगून राहिलो," लखूजी म्हणाला. आवाज दवंडीचा नव्हता, साधा होता. "मायी नात, पोराची पोरगी, चौथी पास झाली. ते उद्यापासून पाचवीत जाईन. तुमच्या पोरीले घरी ठेवाल, तं मी दारात येऊन इचारीन, काऊन ठेवली म्हनून."

माझ्या शेजारी गुरुजी उभे होते. त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं आणि तसंच धरून ठेवलं.

पाटलांनी विचारलं, "लखू, हे हुकुमात हाय का रे?"

"नाई, पाटील," लखूजी म्हणाला. "म्हनूनच तं खाली ठेवलं."